दौलतकाका आणि अकरा जणांचा कॅमशाफ्ट

दौलतकाका गेल्याची बातमी मला काशिनाथने दिली. भाईंदर पूर्वेच्या छापखान्यात मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते, सकाळचे अकरा वाजले असतील. काशिनाथ पाटील राईचा. आमच्या मंडळाची रुग्णवाहिका तो चालवतो. एरवी फोन उचलायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू होतं, त्या दिवशी मात्र तो नुसता श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "ताई, दौलतशेट गेलं." मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे गेले?" "गेलं, ताई... आपल्याच गारीतून नेलं त्यांना. चेकनाक्याच्या गर्दीतपन गारी एकदा बंद परली न्हाय. पन तेच थांबलं न्हाईत." हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकसष्ट. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली, एवढंच निमित्त.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, हे सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, बघा काका, ज्या कॅमशाफ्टला तुम्ही नाही म्हणालात, त्यानेच तुम्हाला शेवटपर्यंत ओढलं. दुःख झालंच होतं, पण त्यात हा एक खडा होता, विजयाचा. आज सहा आठवड्यांनी तो खडा माझ्याच घशात अडकलाय.

माझे बाबा रामचंद्र आणि दौलत तांबे एकाच कारखान्यात होते. गाड्यांच्या इंजिनांचे भाग तिथे बनत. बाबा पॅकिंगमध्ये, काका कॅमशाफ्टच्या ग्राइंडिंग मशीनवर. दोघंही रत्नागिरीकडचे, दोघांनाही वाचायचं वेड. बाबा चौदा एप्रिलच्या जयंतीला पुस्तिका विकायचे आणि एरवी युनियनची पत्रकं वाटायचे. त्या पत्रकांच्या घड्या घालायचं काम घरी माझ्याकडे असे, त्यामुळे शाळेच्या पुस्तकाआधी मला 'जाहीर आवाहन' वाचता यायला लागलं. जगात दोन बाजू असतात आणि आपली कुठली हे आधी ठरवायचं असतं, हे मला बाबांनी शिकवलं. बाजू ठरली तरी माप घ्यायचं सोडायचं नसतं, हे शिकवायचा प्रयत्न दौलतकाकांनी केला. बाबांचं मी चटकन शिकले.

कंपनीने इथला कारखाना बंद करून काम दुसरीकडे हलवलं तेव्हा मी अकरावीत होते. बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. ग्राइंडिंग खात्यातल्या अकरा जणांनी मिळून औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला, जुनी मशीन आणली आणि कामगारांची सोसायटी काढून स्वतःचे कॅमशाफ्ट बनवायला सुरुवात केली. त्यांनी काकांनाही बोलावलं होतं. काका म्हणाले, "मला चार जणांत काम नाही जमत, मी भांडतो." त्यांनी दोन गल्ल्या सोडून वेगळा छोटा गाळा टाकला आणि इंजिनाची कामं सुरू केली. ते भांडायचे म्हणजे काय, तर एखाद्याचं माप चुकलं की त्याच्याशी तीन दिवस बोलायचे नाहीत. मला मात्र ते अकरांत गेले नाहीत याचा राग होता. कॉलेजातून सुटले की मी त्यांच्या गाळ्यात जाऊन बसायचे, तेलकट स्टुलावर जुना पेपर टाकून. मला बघितलं की ते म्हणत, "या संपादकीणबाई. आज कोणाची धुलाई?" इंजिन म्हणजे काय हे मला तिथेच कळलं. एक दांडा असतो आणि त्यावर अंड्यासारखे उंचवटे, त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोब व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, पुढे सरकला की व्हॉल्व्ह मिटतो. "इंजिनाने श्वास कधी घ्यायचा, किती घ्यायचा आणि कधी सोडायचा, ते हा ठरवतो," काका म्हणायचे. "पिस्टन नुसता हमाल आहे, बाय. बुद्धी इकडे."

दोन हजार चारच्या आसपास आमच्या मंडळाने एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. राई, मुर्धा, डोंगरी, उत्तन या पट्ट्यातल्या पेशंटला वेळेवर हॉस्पिटल गाठता यावं, यासाठी. गाडी आली खरी, पण स्ट्रेचर, सिलिंडर आणि चार माणसं चढवली की डोंगरीकडच्या चढावर तिला धाप लागायची. इंजिन उघडून तिचा जोर वाढवायचा असं ठरलं आणि अर्थातच ते काम काकांकडे गेलं. त्यांनी इंजिनाचं वरचं हेड काढून मला बोलावलं. जुन्या शाफ्टचे लोब झिजून गोल झाले होते. बाकड्यावर त्यांनी दोन नवे शाफ्ट ठेवले होते. एक कंपनीचा, खोक्यातला. दुसरा सोसायटीचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"काका, यात विचार कसला करायचाय?" मी म्हणाले. "एक त्यांनी बनवलाय ज्यांनी तुम्हाला गेटबाहेर काढलं. दुसरा तुमच्या सोबत्यांनी."

"इंजिनाला ते कुठे कळतं, बाय?"

"माणसाला तर कळतं ना!"

ते हसले. मग सोसायटीचा शाफ्ट हातात घेऊन म्हणाले, "हा उंच लोबचा आहे. शौकीन पोरं लावतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. इंजिन वर पळायला लागलं की मजा आहे. पण आपली गाडी दिवसभर दुसऱ्या गिअरमध्ये, गोल्डन नेस्टच्या चौकात उभी. खालच्या फेऱ्यांना हा थरथरतो, मध्येच बंद पाडतो. पेशंटच्या गाडीला पळ नको, ओढ पाहिजे."

हे मला पटलं. मी म्हणाले, "मग सोसायटीचाच, पण साध्या लोबचा लावा. कंपनीच्याच मापाचा बनवतात की ते."

काकांनी शाफ्ट खाली ठेवला. फडक्याने हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. "तो... नको. कंपनीचाच लावू."

"का?"

"माझं ऐक."

"पण का?"

"सांगितलं ना, ऐक म्हणून."

'का'ला उत्तर न देणारा माणूस आमच्या घरात गुन्हेगार समजला जायचा. मॅनेजर उत्तर देत नसे, साहेब देत नसे. ज्या माणसाने मला कॅमशाफ्टचा अर्थ समजावून सांगितला तोच आता साहेबासारखा गप्प बसला होता, आणि मला वाटलं, कळलं मला. वीस वर्षं कंपनीचं मीठ खाल्लं, ते बोलतंय. मी तडक उठले आणि आठवड्याभरात पत्रक काढलं. नाव घातलं नव्हतं, पण आमच्या भागात कोणाला कळायचं राहणार होतं? मथळा मी फार विचार करून दिला होता. 'कामगाराच्या हाताचा कामगारालाच विटाळ?'

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा शब्द म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यांना मी काय केलं हे समजलं असेल. ज्या शब्दाने आमच्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकललं, तो मी आमच्याच घरातल्या माणसाच्या दारावर चिकटवला. आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान होता... मथळा जमला म्हणून.

मंडळाच्या बैठकीत पत्रकाचा परिणाम झाला. सोसायटीचा साध्या लोबचा शाफ्ट घेऊन मीरा रोडच्या एका गॅरेजमध्ये तो बसवायचा, असं बहुमताने ठरलं. चार दिवसांनी मी काकांच्या गाळ्यावर गेले. लपून राहणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पत्रक त्यांच्या बाकड्यावर पान्याखाली दाबून ठेवलेलं होतं. ते म्हणाले, "दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस, लोब जितका लांब तितका जोर जास्त. लोब लांब नसतो, उंच असतो. मला शिव्या घाल, पण कॅमशाफ्ट चुकीचा छापू नकोस." मी हसणार होते. तेवढ्यात ते खाली बघत म्हणाले, "बाकी सगळं लिही, बाय. तो मथळ्यातला शब्द तेवढा आपल्या माणसाला लावायचा नव्हतास." मी म्हणाले, "मग 'का'चं उत्तर द्या, मागे घेते." त्यांनी उत्तर दिलं नाही. मी शब्द मागे घेतला नाही.

कारखान्यातल्या जुन्या लोकांची एक रीत होती. दसऱ्याला सगळे एकमेकांच्या गाळ्यात जायचे, दुसऱ्याच्या मशीनवर हात ठेवायचे आणि चहा घेऊन पुढच्या गाळ्यात. काका पूजा करत नसत. त्यांच्यासाठी तो दिवस धम्मदीक्षेचा. पण मशीन पुसून, तेल देऊन ते सकाळपासून पांढरा शर्ट घालून उभे असायचे. त्या वर्षी सुमनकाकूंनी नेहमीसारखा मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. कोणी आलं नाही. मी दोन गल्ल्या पलीकडे सोसायटीच्या गाळ्यात पेढे खात होते. चहाचं मला काकूंनी आत्ता, ते गेल्यावर सांगितलं. "दोनदा गरम केला गं. मग मीच मोरीत ओतला. ते म्हणाले, असू दे, गर्दी असेल कुठेतरी."

गाडी चांगली चालत होती. साधारण आठ-नऊ महिन्यांनी एका दुपारी उत्तनच्या एका बाळंतिणीला आणताना ती डोंगरीच्या चढावर अडली. इंजिनातून टकटक आवाज येत होता आणि जोर म्हणून उरला नव्हता. काशिनाथने मागून येणारा टेम्पो थांबवून बाईला त्यात चढवलं. ती वेळेत पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. तो आमचा शहाणपणा नव्हता, टेम्पोवाल्याचा होता. काशिनाथने गाडी ओढत आणली ती थेट दौलतकाकांच्या दारात. नंतर मी त्याला बोलले होते, "त्यांच्याकडे कशाला नेलीस?" तो म्हणाला, "मग काय करू? ताप आला तर डाक्टरकडं नेयाचा, का पत्रक वाचून दाखवायचा?" काकांनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी ती गुरगुरत बाहेर आली आणि स्ट्रेचर, सिलिंडर, चार माणसं घेऊन तो चढ एका दमात चढली. "काय झालं होतं?" मी विचारलं. "व्हॉल्व्हचे टॅपेट सैल झाले होते. सेट केले," काका म्हणाले.

आणि मी काय केलं? वर्ष झाल्यावर दुसरं पत्रक काढलं. कामगारांनी घडवलेला कॅमशाफ्ट आमच्या गाडीत वर्षभर धावतोय, ज्यांनी शंका घेतली त्यांनी डोंगरीच्या चढावर येऊन बघावं, असं लिहिलं. त्याची एक प्रत काकांच्या हातात नेऊन दिली, मुद्दाम. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "या वेळी लोब उंच आहे."

त्यानंतर आमचं जमलं. जमलं म्हणजे मी जिंकले होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती. जुने सोबतीही हळूहळू त्यांच्या गाळ्याकडे फिरकायला लागले, पुढच्या दसऱ्याला तर सोसायटीतले झाडून सगळे गेले. मला वाटलं, लोक किती मोठ्या मनाचे आहेत, क्षमा केली त्यांना. पुढे कितीतरी वर्षांनी, ते गेले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटले ती शेवटची भेट. ते एका टॅक्सीचं इंजिन जोडत होते आणि बाकड्यावर सोसायटीचा शाफ्ट होता. मी बोट दाखवलं. "हे काय? इकडे कसा हा?"

"माल आता चांगला येतोय त्यांचा. मीच सांगतो गिऱ्हाइकाला, कंपनीचा नको, हा घे."

"म्हणजे मान्य केलंत!"

"केलं."

"लेखी द्या."

"तू आहेस ना लेखी द्यायला," ते म्हणाले आणि इतके हसले की खोकला आला. मी पाणी दिलं. आमच्यातलं शेवटचं वाक्य हे.

शोकसभा आमच्या बुद्धविहारात झाली. मोरेमामा, सोसायटीतले सगळ्यात वडील, महाडचे, अध्यक्षस्थानी होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला. मनापासून बोलायचं होतं. मी आमचा वाद सांगितला, पत्रक सांगितलं आणि म्हणाले, काकांचं मोठेपण असं की त्यांनी शेवटी आपली चूक मान्य केली, आणि योग असा की ज्या कॅमशाफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता, त्याच्याच जोरावर गाडी त्यांना शेवटच्या प्रवासाला घेऊन गेली. मला वाटलं होतं, लोकांना रडू येईल. कोणी हललं नाही. सुमनकाकू माझ्याकडे बघत होत्या, ना रागाने, ना मायेने, उन्हाकडे बघावं तसं डोळे बारीक करून. मोरेमामांनी मान खाली घातली ती सभा संपेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर आठवड्याने गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली. काका नव्हते, म्हणून मीरा रोडच्याच दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडे, इरफानकडे गाडी दिली. त्याने वरचं झाकण उघडलं, आणि काशिनाथसोबत मीही तिथे होते म्हणून मी त्याला ऐटीत म्हणाले, "इरफानभाई, देख लो, हमारे कामगारों का कॅम है." तो टॉर्च घेऊन वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"किसने बोला दीदी?"

"मतलब?"

"ये तो कंपनी का है. ये देखो छाप, ये नंबर. सोसायटीवाले का तो कोने में तीन टिपके का पंच रहता है."

मी टॉर्च घेतला. तेलाने चमकणाऱ्या दांड्यावर कंपनीचा ओतीव छाप होता, लहान मुलालाही वाचता येईल एवढा स्वच्छ. काशिनाथ हळूच म्हणाला, "दोन दिवस ठेवलेली ना गारी त्यांनी..."

मी तशीच सोसायटीच्या गाळ्यात गेले. जेवायची वेळ होती, डबे उघडले होते. मला बघून मोरेमामांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "उघडली वाटतं गाडी." बाकीचे एकेक करून डबा घेऊन बाहेर गेले, आणि मामांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते.

"आमच्याकडे भट्टी नाही, पोरी. लोबचा वरचा थर भट्टीत घालून कडक करायला लागतो, नाहीतर काही महिन्यांत झिजतो. ते काम आम्ही बाहेर द्यायचो. बाहेरचा घाई करायचा, आम्ही माल मोजून घ्यायचो, कडकपणा बघत नव्हतो. दौलतला पहिल्यापासून संशय होता. त्याने मला एकट्याला सांगितलंही, मोरे, तुमचा माल मऊ आहे. मी ऐकलं नाही. वर म्हणालो, तू आमच्यात आला नाहीस ना, म्हणून जळतोस. मग तुझं पत्रक निघालं. तो तेव्हा चार माणसांत म्हणू शकला असता, यांचा माल मऊ आहे, म्हणून नाही लावत. एका वाक्यात तो सुटला असता. आणि आम्ही अकरा जण बुडालो असतो."

"मग?"

"मग ती गाडी त्याच्याकडे आली. त्याने आपल्याकडचा कंपनीचा शाफ्ट तिच्यात घातला आणि आमचा झिजलेला घेऊन इथे आला. याच वेळेला, जेवताना. टेबलावर ठेवला. बोलला काही नाही. खिशातून कानस काढली आणि लोबच्या कडेवर ओढली. कडक लोखंडावर कानस घसरते, बांगडी वाजल्यासारखी. मऊ असेल तर चावते. चावली. भुसा पडला माझ्या डब्याजवळ. आम्ही म्हणालो, दौलत, आमच्यामुळे तुझं नाव गेलं, आम्ही उभं राहून सगळ्यांना सांगतो. तर म्हणाला, सांगा, आणि उद्या कुलूप लावा. आधी भट्टी सुधारा. तीन महिने दर रविवारी आमच्याबरोबर त्या भट्टीवाल्याकडे जाऊन बसायचा, आगीचा रंग दाखवायचा त्याला. विकलेले जेवढे सापडले तेवढे शाफ्ट आम्ही गुपचूप बदलून दिले."

"मला का नाही सांगितलं, मामा? वर्षाने मी दुसरं पत्रक काढलं. ते त्यांच्या हातात दिलं मी!"

"मी म्हटलं त्याला, रामचंद्राच्या पोरीला तरी सांगू. नको म्हणाला. तिचा विश्वास तुमच्यावर नाही, कामगाराच्या हातावर आहे. तो मोडला तर ती लिहायची थांबेल. झेलेन मी, म्हणाला, माझी पाठ रुंद आहे."

मी रडले, हे खरं. पण इथे खोटं लिहायचं नाही म्हणून हेही लिहिते, की मला काकांचा राग आला, अजून येतो. माझा विश्वास सांभाळायचा हक्क त्यांना कोणी दिला होता? ज्या विश्वासाला कानस लावली की भुसा पडतो, तो मोडायलाच हवा होता, त्या दुपारी, माझ्या समोर. मी थांबले नसते. कदाचित थांबलेही असते, महिनाभर... पण चूक दुरुस्त करायला माणूस समोर असताना. आता मी कोणाकडे जाऊन तो शब्द मागे घेऊ? डोंगरीच्या चढावर ती बाळंतीण अडकली होती, ती माझ्या बहुमताने. त्याचं कारण मला वर्षानुवर्षं कळलं नाही, कारण एका भल्या माणसाने मला कळू दिलं नाही. हा भलेपणा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो साहेबी भलेपणा आहे काका, तुम्ही ज्याला आयुष्यभर विरोध केलात त्यातला. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला फार आवडलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, लिही.

सुमनकाकूंकडे गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगून मी म्हणाले, मी हे छापणार आहे. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं सगळं. तुला सांगायचं नाही म्हणून बजावलं होतं त्यांनी. त्यांनी तुला कधीच माफ केलं होतं." थोड्या वेळाने ताटातला एक खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "मी नव्हतं केलं. त्या चहाचं." मी तिथेच बसून राहिले आणि निम्मे तांदूळ निवडले.

हा लेख छापायचा तर सोसायटीचं नुकसान होईल, ही भीती होतीच. म्हणून मी तो आधी गाळ्यात नेऊन अकरा जणांना वाचून दाखवला. दोघं म्हणाले, झालं ते झालं, कशाला उगाळायचं. खूप वेळ वाद झाला, काकांना आवडला असता तसा, आवाज चढवून. शेवटी मोरेमामा म्हणाले, "छाप. तो गप्प बसला म्हणून आम्ही जगलो. आता आम्ही गप्प बसलो तर ती चोरी होईल. आणि आजचा माल ज्याला तपासायचाय त्याने यावं."

त्यांचं काम परत सुरू झालं. भट्टीवरून त्याच दिवशी आलेले शाफ्ट टेबलावर रांगेने लावलेले होते. मामा प्रत्येक शाफ्ट उचलायचे, कान जवळ न्यायचे आणि लोबच्या कडेवरून एकदा कानस ओढायचे. बारीक किणकिण व्हायची. मग तीन टिपक्यांचा पंच आणि वर्तमानपत्राचा कागद. दौलतने घालून दिलेली पद्धत आहे, म्हणाले, एकही शाफ्ट याशिवाय बाहेर जात नाही. मी म्हणाले, मला करून बघायचंय. त्यांनी कानस माझ्या हातात दिली. लाकडी मूठ घामाने काळी पडली होती, तिला अंगठ्याच्या जागी खळगा होता. काकांचीच होती ती, त्या दुपारी टेबलावर ठेवून गेले ते परत न्यायला आले नाहीत. मी शाफ्ट धरला आणि ओढली. खर्र झालं.

"चावली," मी म्हणाले.

"चावली नाही. तू दाबलीस," मामा म्हणाले. "दौलत सांगायचा, जोर लावू नका, नुसती टेकवा. मऊ असेल तर ती आपणहून सांगते."

मी हात सैल सोडला. अंगठा त्या खळग्यात नीट बसेना, माझा लहान आहे. पुन्हा टेकवली, हलकेच ओढली, आणि ती वाजली.

मामांनी पुढचा शाफ्ट माझ्यासमोर सरकवला.